पांच काडतुसें

वडील गेल्यावर त्यांच्या वस्तूंची वाट लावणें हें मुलांच्या वांट्याला येणारें मोठें नाजूक काम. भांडीं, पुस्तकें, काठ्या, शाली यांना कोणी ना कोणी धनी मिळतो. आमच्या अकोल्याच्या घरांतील अशा सगळ्या वस्तू गेल्या वर्षीं मार्गीं लागल्या; परंतु माजघरांतल्या लोखंडी कपाटांत उभी असलेली रायफल मात्र कोणाला देतां येईना कीं कोणाला घेतां येईना. तिच्याजवळ खाकी पिशवींत पांच काडतुसें होतीं आणि काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर हत्यार व दारूगोळा ठाण्यांत किंवा परवानाधारी विक्रेत्याकडे जमा करावा, असा १९५९ च्या शस्त्र-कायद्याचा दंडक आहे. त्याकरितां मी अमरावतीहून अकोल्यास गेलों, आणि जमा करण्याच्या आदल्या दिवशीं एक अख्खी दुपार त्या पांच काडतुसांसमोर बसून राहिलों.

काडतूस पाहावयास फार साधें असतें. पितळेची पुंगळी, तोंडाशीं शिशाची गोळी, पोटांत निर्धूर दारू, बुडाला एक टिकली. बुडावर इंग्रजींत ‘के. एफ.’ हीं अक्षरें आणि ‘८ एमएम’ असा आंकडा. ‘के. एफ.’ म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना. तो १८६९ पासूनचा. पण कारखाना ज्याला आठ मिलिमीटर म्हणतो, त्यालाच सारें शिकारी जग ‘३१५ बोअर’ म्हणतें. ह्या दुहेरी नांवामागें एक मौजेचा इतिहास आहे. मूळ काडतूस ऑस्ट्रियाच्या लष्कराचें, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचें. आपल्याकडे लष्कराजवळ ३०३ होती. आणि लष्कराचें काडतूस रयतेच्या हातीं जाऊं नये, म्हणून इंग्रज सरकारनें ३०३ खाजगी लोकांना बंद केली होती. तेव्हां तिच्याच तोलामोलाचें, परंतु तिच्या नळींत न बसणारें काडतूस शिकाऱ्यांना हवें होतें. ती गरज ३१५ नें भागविली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील इशापूरच्या कारखान्यानें त्या मापाची रायफल बनविली आणि ती वकील, डॉक्टर, मालगुजार यांच्या घरोघरीं जाऊन उभी राहिली. एका राज्यकर्त्याच्या अविश्वासांतून जन्मलेली वस्तू पुढें प्रतिष्ठेची खूण व्हावी, हें आपल्या इतिहासांत नवें नाहीं.

माझें बालपण ह्या काडतुसाच्या वादांत गेलें असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. रविवारीं सायंकाळीं आमच्या ओसरीवर बाबांचे स्नेही डॉक्टरकाका येत. चहा होई, पान होई, आणि मग हरणाला उत्तम काडतूस कोणतें, हा प्रश्न निघे. गंमत अशी कीं, हा वाद मीं ऐकला तो १९७५ नंतरचा. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला तो १९७४ सालीं. ज्या सिपना नदीच्या कांठीं एके काळीं शिकारीचे ब्लॉक परवान्यानें मिळत, तेथें आतां काठी उगारणेंहि गुन्हा होता. शिकार संपली होती. वाद मात्र संपला नव्हता. पुढें पुष्कळ वर्षांनीं विद्यापीठाच्या सभांमधून मीं हा प्रकार पुन्हां पाहिला, तेव्हां मला तो ओळखीचा वाटला.

डॉक्टरकाकांचा पक्ष २७५ चा. सात मिलिमीटरचें हें माउझर काडतूस जर्मनींत १८९२ सालीं जन्मलें. बोअर युद्धांत त्यानें इंग्रजांना हैराण केलें, आणि त्यावर इंग्रजांनीं केलें तें अगदीं इंग्रजी पद्धतीचें: लंडनच्या रिग्बी कंपनीनें त्यालाच ‘२७५’ असें नांव देऊन तें आपलेंसें केलें. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ सालीं जिम कॉर्बेटला जी रायफल भेट मिळाली, ती हीच. स्कॉटलंडच्या बेलनें आफ्रिकेंत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बहुतेक ह्याच चिमुकल्या काडतुसानें. हीं नांवें डॉक्टरकाका संतांच्या नामावळीसारखीं घेत. “गोळी १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅम, फार तर पाऊणशें गुंजा! पण वेग पाहा. सेकंदाला २,६०० फूट. आणि खांद्याला धक्का कसा, तर मित्रानें हात ठेवल्यासारखा.”

बाबा वकील होते; ते ३१५ ची बाजू तितक्याच नेटानें मांडीत. गोळी २४४ ग्रेनची, वेग सेकंदास सुमारें २,००० फूट. दूरवर ती लवकर खालीं झुकते हें त्यांना मान्य असे. “पण मेळघाटांत दोनशें पावलांपलीकडचें दिसतें कुणाला?” असें ते विचारीत. सागवानांत आणि बांबूंत बहुतेक जनावर शंभर पावलांच्या आंतच दिसावयाचें. तेथें जड, संथ गोळी एखाद्या काटकीला लागून लगेच वांकडी होत नाहीं. काळविटाकरितां, म्हणजे कारंज्याकडील उघड्या माळरानाकरितां, डॉक्टरांची २७५. आणि सांबराकरितां, डोंगराकरितां, आपली ३१५, अशी तडजोड बाबा अधूनमधून सुचवीत. ती डॉक्टरांना कधींच मान्य होत नसे.

एकदां डॉक्टरकाकांचे मेहुणे अमेरिकेहून आले. त्यांनीं तिसराच पक्ष काढला. तिकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार दर वर्षीं हंगामांत परवान्यानें चालते, आणि तेथील ओसऱ्यांवर १८९५ ची ‘३०-३०’ श्रेष्ठ कीं १९०६ ची लष्करी ‘३०-०६’ श्रेष्ठ, असा वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगतो. बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे वळविणारा कायदा त्या देशानें १९३७ सालींच केला, हें त्यांनीं सांगितलें तेव्हां दोघेहि वृद्ध गप्प बसले. मग बाबा म्हणाले, “आमचा वाद पोस्टानें मिटला. परदेशी काडतुसें येणें बंद झालें, खडकीचीं मिळत राहिलीं. माणूस काडतूस निवडतो कुठें? मिळतें त्याचीच तो बाजू घेतो.”

ह्या सर्व चर्चांत एक गोष्ट लहानपणींहि माझ्या ध्यानांत आली होती. कोणी ३७५ सारख्या थोर काडतुसाचें नांव काढलें, कीं बाबा पाण्याला म्हणून उठून आंत जात. १९१२ सालचें हें इंग्रजी काडतूस; गोळी ३०० ग्रेनची, वाघ आणि रानगवा यांच्यासाठीं योजलेली. बाबांना तें उगाच अवजड वाटत असावें, अशी मीं माझी समजूत करून घेतली होती.

त्या दुपारीं मीं काळी वही उघडली. बाबांच्या वकिली अक्षरांत रकाने आंखलेले: तारीख, ठिकाण, जनावर, अंतर पावलांत, काडतुसें, शेरा, शिल्लक. परवान्यावर मिळणारीं काडतुसें मोजकीं, म्हणून प्रत्येकाचा हिशेब. काळवीट, ९० पावलें, एक. चितळ, ६० पावलें, एक. कित्येक ठिकाणीं काडतुसांच्या रकान्यांत शून्य आणि शेऱ्यांत ‘शिंगें लहान’, ‘मागें माणसें’, ‘हात स्थिर नाहीं’. न झाडलेल्या गोळ्यांचाहि हिशेब ठेवणारा शिकारी मीं दुसरा ऐकलेला नाहीं. शेवटची नोंद जानेवारी १९६८ ची: सेमाडोह, नर सांबर, ७० पावलें. काडतूस एक, पुढें कंसांत ‘३७५’. शेरा: ‘दोष काडतुसाचा नाहीं.’ त्यापुढें सारीं पानें कोरीं.

मी चमकलों. बाबांची शिकार कायद्यानें थांबविली, असेंच आम्ही सारे आजवर समजत होतों. कायदा तर चार वर्षांनीं आला. सायंकाळीं मी डॉक्टरकाकांकडे गेलों. नव्वदी उलटलेली, कान मंदावलेले. पण वही हातांत देतांच त्यांनीं चष्मा काढून ठेवला. नागपूरकडील एक स्नेही त्या वेळीं बरोबर होते, रायफल त्यांची. सांबर म्हणजे पांच-सहा मणांचें धूड, त्याला मोठेंच काडतूस हवें, मोठी गोळी थोडी इकडेतिकडे लागली तरी चालतें, असा त्यांनीं आग्रह धरला. सकाळीं बाबांनीं दोन बार करून पाहिले. खांदा काळानिळा झाला. संध्याकाळीं सत्तर पावलांवर सांबर आडवें उभें राहिलें. पुढच्या पायामागें भाकरीएवढी जागा असते, तिच्या आंत हृदय आणि फुप्फुसें. तेथें लागलें कीं जनावराला कांहीं कळण्यापूर्वींच सारें संपतें. बाबांचा चाप ओढला गेला तो धक्क्याच्या धास्तीनें, खांदा मागें घेत. गोळी पोटांत गेली. सांबर उतारावरून बांबूंत नाहींसें झालें. कोरकू माग्या रक्त पाहून म्हणाला, आतां पाठीस लागूं नये, नाहीं तर तें रात्रभर पळेल. कोलकासच्या बंगल्यांत त्या रात्रीं कोणी जेवलें नाहीं. पहांटे सिपनेच्या पाण्याशीं तें सांपडलें. जिवंत होतें. डॉक्टरकाकांनीं आपल्या २७५ नें तें काम पुरें केलें.

“रात्रभर, रे,” डॉक्टरकाका म्हणाले. “तें रात्रभर तिथें होतें, आणि आम्ही बंगल्यांत होतों. परततांना तुझे बाबा एक शब्द बोलले नाहींत.”

ओसरीवरचा तो वाद मला मग निराळाच ऐकूं येऊं लागला. ग्रेन, फूट, वेग हे सारे शब्द एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत होते: दुसऱ्या जिवाला आपल्या हातून किती वेळ यातना होणार? उत्तम काडतूस म्हणजे काय, तर जें झाडतांना आपला हात कांपत नाहीं, आणि ज्याच्या भरंवशावर आपण वाईट नेम खपवून घेत नाहीं. थोर काडतूस हातच्या चुकीला क्षमा करतें, ही कल्पनाच त्या रात्रीची खरी अपराधी होती. क्षमा करावयाचीच असेल तर ती सांबर करूं शकलें असतें; काडतुसाचा तो अधिकार नव्हे. बाबांना हें कळलें होतें, म्हणून त्यांनीं रायफल ठेवली. आणि सांगतां येत नव्हतें, म्हणून वीस वर्षें दुसऱ्याच काडतुसांविषयीं वाद घातला.

येथें हें टिपण संपलें असतें. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं गांवाकडून माझा धाकटा चुलतभाऊ आला. पूर्णेच्या खोऱ्यांतील त्याचें शेत. तूर आणि हरभरा. रात्रीं रोह्यांचे कळप उतरतात आणि सकाळीं उभें पीक आडवें झालेलें असतें. १९७२ च्या कायद्याच्या ११ व्या कलमांत अशा जनावरांच्या पारधीला परवानगी देण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं रोही व रानडुक्कर यांच्याबाबत तसा निर्णयहि काढला होता. ती परवानगी मागण्याचें त्याच्या मनांत होतें.

“भाऊ, मोठ्या बाबाच्या रायफलीनं रोही एका गोयीत पडन का? का याहून मोठं काडतूस पायजे?”

रोही दोनशें किलोंच्या वरचें जनावर. मीं त्याच्याकडे पाहिलें. रात्रीच्या जागरणानें डोळे लाल झालेले. शहरांत बसून त्याला भूतदयेवर व्याख्यान देण्याचा मला अधिकार नव्हता. त्याच्या तुरीवर माझा संसार चालत नाहीं. मीं फक्त बाबांच्या वहींतला प्रश्न विचारला, “तुझ्या शेतामागें काय आहे?”

“मांगं तं पांधन हाय. अन् पांधनीच्या पल्याड गावच हाय.”

मेळघाटांत चुकलेली गोळी डोंगर पोटांत घेतो. पूर्णेच्या कांठीं सपाट काळी जमीन; तेथें रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊं शकते, आणि अंधारांत पांधणीनें कोण येत असेल हें गोळीला ठाऊक नसतें. मीं म्हटलें, “मग तुझ्या शेताला कोणतेंहि काडतूस मोठेंच आहे.” तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “हव. हे तं खरं हाय.” पण तेवढ्यानें त्याची तूर वांचत नाहीं, हें आम्हां दोघांनाहि ठाऊक होतें. यंदाहि तो मचाणावर पत्र्याचा डबा बडवीत रात्री काढतो आहे. त्याला मीं योग्य सल्ला दिला असें मला वाटतें. पुरेसा दिला असें वाटत नाहीं.

दुपारीं रायफल जमा केली. तेथील माणसानें काडतुसें टेबलावर ओळीनें उभीं केलीं, दोनदां मोजलीं, आणि पावती फाडून दिली. घरीं येऊन मीं काळी वही काढली. शेवटच्या नोंदीसमोर शिल्लक रकान्यांत बाबांनीं ‘५’ लिहिलें होतें. त्याखालीं तारीख घालून मीं लिहिलें: ‘जमा ५. शिल्लक ०.’ शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. वही मात्र मीं कोणाला दिली नाहीं.