वल्हांडणाची वाफ

वाफ झाकणाखालून सुटली की तिचा वास आधी दारापर्यंत येतो, मग कॉलनीभर होतो. तांदूळ, उडीद आणि ओलं खोबरं, त्यात जिरं नि नावापुरता लसूण, असं वाटण वाफवताना येणारा तो मऊ, दुधाळ वास. आणि शेजारच्या शेगडीवर नारळाच्या दुधात विरघळत जाणाऱ्या गुळाचा, सुंठेचा, वेलदोड्याचा. बल्लारपुरात मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी एरवी हवेत असायचा तो कागदाच्या लगद्याचा आणि तापलेल्या धुळीचा वास. वर्षातल्या एका गुरुवारी मात्र त्या सगळ्यावर मात करून ही वाफ आमच्या अंगणात उतरायची, आणि मी हातातलं पुस्तक पालथं टाकून अम्मचीच्या दाराशी जाऊन उभी राहायची.

अम्मची म्हणजे शेजारच्या घरातली आजी. केरळातून निघालेली गाडी बल्लारशाला थांबते, आणि त्या थांब्यावर उतरलेली कितीतरी माणसं मग इथलीच होऊन गेली. कुणी खाणीत, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत. अम्मचीनं येताना आपला पेसहा, म्हणजे वल्हांडण, सोबत आणला होता. येशूनं शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं, त्या गुरुवारची रात्र. सकाळपासून भांडी चिंचेनं लख्ख घासली जायची. पीठ वाटलं की लगेच वाफेवर चढवायचं, आंबू म्हणून द्यायचं नाही. त्या वाफवलेल्या भाकरीवर, अप्पमवर, पात्यांचा क्रूस हवा, आणि ते पातं आदल्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद घेऊन आलेलं असायचं. केरळात ते नारळाच्या कोवळ्या झावळीचं. आमच्याकडे नाल्याकाठच्या शिंदीचं. नखानं पातं उभं चिरून, दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या धरून, ओल्या पिठात ती त्या हलकेच दाबायची, आणि मी इतक्या जवळून पाहायची की तिच्या नखात अडकलेलं पांढरं पीठ मला आजही दिसतं. “थांब नं पोट्टे, प्रार्थना होऊ दे पहिले,” ती म्हणायची. मग बायबलच्या निर्गमातला वेचा वाचला जायचा, तिचे यजमान अप्पच्चन अप्पम मोडायचे, आणि वयाच्या क्रमानं एकेक तुकडा गुळाच्या दुधात बुडवून हातावर यायचा. क्रूसाचा अप्पम घरच्यांचा. माझ्यासाठी दुसरा, बिनक्रूसाचा. किती मऊ असायचा तो!

त्याच दिवसांत आजोळी, अहेरीकडे, मोह गळत असायचा. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जायच्या, आणि रात्रभर पडलेल्या फुलांचा तो जड, गोड, किंचित आंबूस वास कपड्यांत, केसांत, अंथरुणात मुरून राहायचा. माडियांच्या गावांत पंडुम झाल्याशिवाय नव्या फळाला कुणी तोंड लावत नाही; आधी देवाचं, मग आपलं. आलापल्लीच्या सागवानातून बसनं परत यावं, केसांत मोह तसाच असावा, आणि घरी पोचताच अम्मचीच्या दारातली वाफ यावी. म्हणून तर त्या वेच्यातल्या, मिसर देशातून रातोरात निघालेल्या इस्राएली माणसांची कल्पना करताना मला वाळवंट दिसत नाही. पहाटेच्या अंधारात टोपल्या डोक्यावर घेऊन लगबगीनं निघालेल्या बाया दिसतात.

पुढे पुस्तकांच्या वाटेनं मी त्या वाफेच्या मागे मागे गेले. गुलामीतून सुटताना पीठ फुगायलाही सवड नव्हती, म्हणून बेखमीर भाकरी. दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त, म्हणून ते घर ओलांडून गेलेला मृत्यू. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, तिथला यज्ञ थांबला, आणि यहुद्यांनी तो सगळा सण घरच्या जेवणाच्या पंगतीत आणून बसवला: प्रश्न विचारणारी मुलं, कडू भाजी, मोडलेली भाकरी, आणि उठण्याआधी पुढच्या वर्षी यरुशलेमात असू ही आस. त्याआधीच पौलानं ख्रिस्तालाच वल्हांडणाचं कोकरू म्हटलं होतं, आणि तीच रात्र दुसऱ्या एका कथेची झाली. ३२५ साली निकेयाच्या परिषदेनं ईस्टरची तिथी यहुदी पंचांगापासून तोडली. मला हा निर्णय फार जिव्हारी लागतो. एकाच चंद्राखाली बसलेल्या दोन पंगती त्यानं मुद्दाम लांब नेल्या. आणि १५९९ साली केरळात, उदयंपेरूरला, पोर्तुगीज आर्चबिशपनं धर्मसभा भरवून तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या सुरियानी पोथ्या जाळायला लावल्या. पोथ्या जळल्या. वाफेच्या भांड्यापर्यंत मात्र कुणाचा हात पोचला नाही.

आपल्या कोकणातही हीच रात्र वेगळ्या रूपात नांदत होती. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल. त्यांच्याकडे या सणाचं नाव होतं अनाशी ढाकायचा सण. आंबट रसाचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं, एवढंच. हिब्रू पोथ्या हाताशी नव्हत्या, सणामागची कथा पुसट झाली होती, पण आंबलेल्याला या दिवसांत शिवायचं नाही हे हातांना ठाऊक होतं. त्या कुणा अनाम बाईचा मला विलक्षण जिव्हाळा वाटतो, जी कारण न विचारता दर वर्षी झाकण लावत राहिली आणि लेकीला, सुनेला तेच सांगत राहिली. मग पोथ्या आल्या, छापखाने आले. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी मजकुराची हग्गादा, म्हणजे त्या रात्रीच्या जेवणाला वाचायची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत. युरोपातल्या जुन्या हग्गादांच्या धर्तीवरची चित्रं, पण बसण्याची ढब सगळी आपल्या घरातली. ते पान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ उलटवलंच नाही.

चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटिश मिशन एकोणिसाव्या शतकातच आलं होतं. अम्मचीचं चर्च मात्र त्याहून निराळं, पूर्वेकडचं. १९६२ साली चांद्याचं मिशनक्षेत्र सिरो-मलबार चर्चकडे सोपवलं गेलं, आणि त्याच वर्षी त्या चर्चची सुरियानी उपासना मल्याळममध्ये सुरू झाली. बल्लारपूरच्या संत थॉमस कॅथेड्रलमागे ही परंपरा उभी आहे. अद्दाई आणि मारी यांच्या नावाची तिची प्राचीन प्रार्थना अभ्यासक वाचतात, तेव्हा यहुद्यांच्या जेवणानंतरच्या आभारप्रार्थनेचा घाट त्यांना तिच्यात जाणवतो. मी काही अभ्यासक नव्हे. पण जेवण झाल्यावर अम्मची ओंजळ मिटून जे काही पुटपुटायची, त्याला फार लांबचा पल्ला होता, हे ऐकतानाच कळायचं.

अप्पच्चन गेले ते एका पावसाळ्यात. ज्या घरात मृत्यू झाला, तिथे त्या वर्षी पेसहाचा अप्पम करत नाहीत. तो इतरांच्या घरून येतो. त्या गुरुवारी शेजारून वाफ आली नाही, आणि संध्याकाळ कशी रिकामी रिकामी झाली. चर्चमधल्या घरांतून अप्पम आले. आमच्या आईनंही दुपारी न बोलता भांडी चिंचेनं घासली, तांदूळ-उडीद वाटले, खोबरं घातलं, आणि पीठ आंबायच्या आत वाफेवर ठेवलं. पदराखाली ताट झाकून ती शेजारी गेली, मागोमाग मी. अम्मचीनं झाकण काढून पाहिलं, आईकडे पाहिलं. मग उठून फोटोमागे खोचलेलं शिंदीचं पातं काढलं, नखानं चिरलं, आणि आईच्या अप्पमवर क्रूस ठेवला. तिच्या थोरल्या मुलानं प्रार्थना म्हणून इतरांच्या अप्पमबरोबर तोही मोडला. त्या रात्री दुसरा, बिनक्रूसाचा अप्पम नव्हताच. मलाही त्यातलाच तुकडा मिळाला.

अम्मचीनं घास सावकाश चावला, डोळे पुसले आणि म्हणाली, “उडीद जास्त झाले गं बाई. पुढच्या वर्षी माझ्याजवळ बस, मी दाखवते.”

“बसते,” आई म्हणाली. “पण तांदूळ माझ्या घरचे घ्यायचे.”