वाशिंदकराचे आमंत्रण

वाशिंदकराने मित्राला मुंबईत जेवू घालायचे म्हणजे आधी गाड्यांचे वेळापत्रक पाहायचे, मग हॉटेल! १८५५ साली आगगाडी आमच्या गावापर्यंत आली खरी. पण मुंबई अजून ऐंशी किलोमीटर दूरच.

बाळपणीचा सोबती वीस वर्षांनी नागपूरहून आला, दादरला उतरला. एकच संध्याकाळ हाती. बेलार्ड इस्टेटमधले १९२३ सालचे ‘ब्रिटानिया’ आठवले. पण तिथला बेरी पुलाव दुपारचाच. दादरला जावे, तर खुर्चीमागे पुढचे गिऱ्हाईक उभे; बोलायचे कसे? शेवटी माटुंगा स्टेशनाजवळचे रामा नायकांचे १९४२ सालचे उडुपी बोर्डिंग ठरले.

केळीच्या पानावर भात, रसम आले. दोघे पोटभर जेवलो. हात धुताना तो हळूच म्हणाला, “तुझ्या आईच्या पंक्तीला मी किती जेवायचो! घरी का नाही रे बोलावलेस?”

काय सांगू? घराची कौले गळतात, याची लाज वाटली होती.

तो माझ्याबरोबर कसारा लोकलमध्ये चढला. मध्यरात्र उलटल्यावर वाशिंदला भातसेवरचा गार वारा अंगावर आला. सौ.ने झोपेतून उठून पिठले टाकले.

“हॉटेल झकास निवडलेस,” तो म्हणाला.