चार जुलैचं गाव

अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन कधी असतो, असं विचारलं तर आपली शाळकरी मुलंही पटकन सांगतील, ४ जुलै. पण मैत्रिणींनो, फिलाडेल्फियाला गेलात की कळतं, या एका तारखेच्या पोटात कितीतरी गमती दडल्या आहेत. माझा भाऊ तिथून जवळच राहतो, म्हणून मला हे गाव सावकाश पाहता आलं.

चेस्टनट स्ट्रीटवर लाल विटांची एक टुमदार इमारत आहे, तिच्यावर घड्याळाचा पांढरा मनोरा. हाच इंडिपेन्डन्स हॉल. सभेची खोली मुळीच भव्य नाही. हिरवं कापड घातलेली टेबलं, साध्या लाकडी खुर्च्या. इथंच इंग्रजांपासून वेगळं होण्याचा ठराव मंजूर झाला, पण तो २ जुलै १७७६ रोजी! दुसऱ्या दिवशी जॉन अॅडम्स यांनी पत्नी अबिगेलला पत्रातून कळवलं, की पुढच्या पिढ्या २ जुलैला घंटा वाजवून, रोषणाई करून सण साजरा करतील. सण सुरू झाला खरा, पण दोन दिवस पुढच्या तारखेला. कारण जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला ४ तारखेला आणि छापील कागदावर तीच तारीख पडली. बहुतेकांच्या सह्या तर २ ऑगस्टच्या. साखरपुडा एका दिवशी, पत्रिकेवर दुसरीच तारीख आणि रजिस्टरवर सही महिन्यानं, तसला प्रकार!

आणखी एक नवल ऐका. मसुदा लिहिणारे जेफर्सन आणि त्यासाठी सभेत झगडणारे अॅडम्स, दोघंही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, एकमेकांशी भांडले, म्हातारपणी पत्रांतून पुन्हा स्नेही झाले आणि बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै १८२६ रोजी, एकाच दिवशी वारले. पाचवे अध्यक्ष मन्रो १८३१ साली गेले, तारीख पुन्हा तीच.

रस्त्यापलीकडे ती प्रसिद्ध तडा गेलेली लिबर्टी बेल आहे. वजन सुमारे ९४० किलो. ४ जुलैला ती वाजली अशी गोष्ट सांगतात, पण त्याला पुरावा नाही. जाहीरनामा लोकांपुढे वाचला गेला तोच मुळी ८ जुलैला.

मला मात्र या साऱ्यात बायकांचा भाग अधिक मोलाचा वाटला. नवे कायदे करताना बायकांचा विचार करा, असं अबिगेलनं नवऱ्याला मार्च १७७६ मध्येच लिहिलं होतं. त्यानं ते हसण्यावारी नेलं. सह्या करणाऱ्यांच्या नावांसह जाहीरनाम्याची पहिली छापील प्रत निघाली जानेवारी १७७७ मध्ये, तीही एका बाईच्या छापखान्यातून. बाल्टिमोरच्या मेरी कॅथरीन गॉडर्ड यांनी तळाशी आपलं पूर्ण नाव घातलं. कागद बाईनं छापला, पण त्यातले हक्क बायकांना नव्हते. गुलामांना तर नव्हतेच.

शंभरावा ४ जुलै, १८७६ सालचा, याच जागी थाटात झाला. बायकांना बोलायची परवानगी नव्हती. तरी सुसान अँथनी आणि मैत्रिणी सरळ व्यासपीठाकडे गेल्या, बायकांच्या हक्कांचा आपला जाहीरनामा अध्यक्षांच्या हाती दिला आणि बाहेर येऊन हॉलसमोर मोठ्यानं वाचला. ऊन लागू नये म्हणून मॅटिल्डा गेज यांनी वर छत्री धरली होती.

पुढे दहाच वर्षांनी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी याच शहरात डॉक्टर झाल्या. त्यांच्याबरोबर शिकलेल्या अमेरिकन मुली रोग्याला औषध देऊ शकत होत्या, पण पेनसिल्व्हेनियात त्यांना मत देता येत नव्हतं. मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी १९१५ साली लिबर्टी बेलसारखीच घंटा ओतवून घेतली आणि तिचा लोलक साखळीनं बांधून ठेवला. ती वाजली सप्टेंबर १९२० मध्ये, हक्क मिळाल्यावर. मधे १४४ वर्षं गेली.

आपल्याला १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मत मिळालं, म्हणून त्याची किंमत कळत नाही, नाही का? वर्गात मुलींना ही गोष्ट सांगितली, तर छत्रीपाशी त्या हटकून हसतात, पण नंतर १४४ हा आकडा विसरत नाहीत.

कधी त्या बाजूला गेलात, तर घंटा पाहायला तिकीट लागत नाही. हॉलसमोर थोडा वेळ थांबा. मुली बरोबर असतील, तर फारच चांगलं.