मिस्सेला जाणं, मिस्सा बघणं

मार्च २०२० पर्यंत आमच्या घरात ‘मिस्सेला जाणं’ असंच म्हटलं जायचं. लॉकडाऊन लागला आणि आठवड्याभरात आम्ही एकमेकांना ‘मिस्सा बघितलीस का?’ असं विचारू लागलो. भाषेची विद्यार्थिनी असल्यामुळे असेल, मला आधी त्या क्रियापदाचीच चीड आली. नाटक बघतात, मॅच बघतात.

सोय झाली, हे मान्य. २७ मार्चला रोमच्या पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात प्रार्थना करणारे पोप फ्रान्सिस आम्ही बेळगावात बसून पाहिले. ५ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी, पप्पांनी शेजारच्या माडाची झावळी आणून टीव्हीमागे खोचली. आज्जी तर शुभवर्तमानाला मोबाइलसमोर उभी राहायची आणि प्रत्येक उत्तर मोठ्यानं द्यायची.

“फादरना ऐकू जातंय काय गं?”

“नाही गं आज्जी.”

“मग मागची माणसं का गप्प आहेत?”

मागे माणसंच नव्हती.

ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही तेव्हा म्हणायची, संत आल्फोन्सस लिगोरींची अठराव्या शतकातली प्रार्थना ती रोज म्हणायची. ख्रिस्त घरी येतो, याबद्दल तिला शंका नव्हती. पण तिच्या बाकावरच्या दोघी घरी येऊ शकत नव्हत्या, त्याला कुठलीच प्रार्थना नव्हती. डावीकडचा तिसरा बाक. आज्जीच्या एका बाजूला कोकणी बोलणाऱ्या बाई, दुसऱ्या बाजूला कन्नड बोलणाऱ्या. मिस्सा कुठल्याही भाषेत असो, तिघी आपापल्या भाषेत उत्तरं देणार. ‘आमेन’ला काय ते एकमत. आमच्या गावात दुकानाच्या पाटीवरून भांडणं होतात. त्या बाकावर कधी झाली नाहीत.

८ जूनपासून प्रार्थनास्थळं उघडायला परवानगी मिळाली, पण ६५ वर्षांवरच्यांनी घरीच थांबावं, अशी सूचना होती. म्हणजे चर्च उघडलं ते नेमका तो बाक सोडून. मी गेले. पवित्र पाण्याचं भांडं कोरडं, बाकांवर चिकटपट्टीच्या फुल्या, क्वायर नाही. परत आल्यावर आज्जीनं प्रवचनाबद्दल काही विचारलं नाही. कोण आलं होतं? मास्कमधून कुणी ओळखू आलं का? एवढंच.

ऑगस्टमध्ये कन्नड बोलणाऱ्या त्या बाई वारल्या. अंत्यविधीला २० माणसांचीच मुभा होती, ती घरच्यांतच संपली. नियम बरोबर होता. तरी आज्जीची पांढरी साडी इस्त्री करून खुर्चीवर तशीच पडलेली बघवत नव्हती.

संध्याकाळी तिनं रोझरी काढली. पहिलं दशक मराठीत झालं. दुसऱ्याला ती थांबली आणि ‘नमो मरिया’ कन्नडमध्ये म्हणू लागली. कन्नड तिला बाजारापुरतंच येतं. पण इतकी वर्षं शेजारून कानावर पडलेली ती प्रार्थना तिनं, निम्मे शब्द मोडत, त्या बाईंच्याच हेलात म्हटली. पप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही तिघं मराठीत उत्तर देत राहिलो.