ओझार्कचे तलाव आणि जिगची झालर

अमेरिकेत मिसुरी राज्याच्या दक्षिणेला आणि आर्कान्सा राज्याच्या उत्तरेला ओझार्क नावाचा डोंगराळ मुलूख आहे. डोंगर म्हटले तरी ते आपल्या सह्याद्रीसारखे उभ्या कड्यांचे नाहीत. ओक, हिकरी आणि सीडर या झाडांनी झाकलेल्या एकामागून एक टेकड्या, त्यांच्यामधून वळणे घेत जाणाऱ्या नद्या आणि पायाखाली चुनखडीचा दगड. टेकडीवर माती वीतभर, आणि त्या वीतभर मातीतही निम्मे दगडगोटे. नांगराचा फाळ बोथट करणारी ही जमीन. म्हणून येथला शेतकरी गवत कापतो, गाईगुरे पाळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथे टोमॅटो पुष्कळ पिकत आणि ते डबाबंद करणारे लहान लहान कारखाने खेड्यापाड्यांत होते. आज त्यांच्या आठवणीच उरल्या आहेत.

या मुलुखाची सगळी चांगली काळी माती नदीकाठी होती. व्हाइट नदी येथली मुख्य नदी. तिला पूर येत आणि खालच्या सपाट प्रदेशातली पिके वाहून जात. पूर अडवावेत आणि वीजही मिळावी म्हणून या नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर एकामागून एक धरणे झाली. १९१३ साली टेनीकोमोचे लहान धरण झाले. पुढे नॉरफोर्क धरण १९४४ मध्ये आणि बुल शोल्स १९५१ मध्ये बांधून झाले. बुल शोल्सच्या समारंभाला १९५२ साली स्वतः राष्ट्राध्यक्ष ट्रुमन आले होते. टेबल रॉक धरण १९५८ मध्ये आणि बीव्हर १९६६ मध्ये पूर्ण झाले. एकट्या टेबल रॉक तलावाचे पाणी सुमारे ४३ हजार एकरांवर पसरलेले आहे.

आता ही एकरे कोणाची, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. कोयना, जायकवाडी, उजनी यांच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांना ते लगेच कळेल. टेकडीवरची दगडाळ जमीन राहिली आणि नदीकाठची मळई गेली. टेबल रॉकच्या पाण्याखाली ओॲसिस नावाचे एक लहान गाव आहे. कित्येक ठिकाणी पूर्वजांची थडगी उकरून दुसरीकडे हलवावी लागली. बुल शोल्स तलावावर तर एक सडक आजही सरळ पाण्यापाशी येऊन थांबते. तेथे पील नावाच्या गावाजवळ सरकारी तराफा आहे. मोटार त्यावर चढवायची आणि पैसे न देता पलीकडे जायचे. आर्कान्सा राज्यात असा सार्वजनिक तराफा हा एकच उरला आहे.

जमीन गेली, पण पाण्याबरोबर एक नवा धंदा आला. तो म्हणजे बास माशाचा.

बास हा या नद्यांतला मूळचाच मासा. मोठ्या तोंडाचा, लहान तोंडाचा आणि ठिपक्यांचा असे त्याचे तीन प्रकार या तलावांत आहेत. गळाला लागला की तो पाण्याबाहेर उसळी घेतो, डोके झाडतो आणि बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत शिरू पाहतो. म्हणूनच हौशी लोक त्याच्यामागे वेडे. १९६७ च्या जून महिन्यात रे स्कॉट नावाच्या गृहस्थांनी बीव्हर तलावावर बास धरण्याची मोठी शर्यत भरवली. त्यात १०६ जण उतरले होते. पुढच्याच वर्षी बुल शोल्सजवळच्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वुड यांनी या खेळासाठी खास नावा बांधण्याचा कारखाना काढला. १९७२ साली मिसुरीतल्या स्प्रिंगफील्ड शहरात जॉनी मॉरिस या तरुणाने वडिलांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला गळाचे सामान विकायला ठेवले, आणि त्यातून देशभर पसरलेला व्यापार उभा राहिला. आज तलावाकाठच्या गावांत नाव भाड्याने देणारे, वाटाडे, खाणावळवाले आणि घरी बसून गळ बनवणारे अशा अनेकांची चूल या माशावर चालते.

त्या घरगुती गळांपैकी एकाची हकीगत येथे सांगायची आहे. त्याचे नाव जिग.

जिग म्हणजे शिशाचे लहानसे डोके असलेला गळ. वजन बहुधा १० ते १४ ग्रॅम. डोक्यातून ब्रशासारखे ताठ नायलॉनचे केस वर आलेले असतात. गळाचे टोक लाकडात रुतू नये म्हणून ते. आणि डोक्याच्या मागे बांधलेली असते रबराच्या किंवा सिलिकॉनच्या बारीक तंतूंची झालर. पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना गोंडा बांधतो ना, तसाच हा इवलासा गोंडा. साधारण ४० ते ६० तंतू त्यात असतात. तिकडचे लोक त्याला स्कर्ट म्हणतात, म्हणजे घागराच म्हणा.

हा घागरा शोभेचा नाही. ओझार्कच्या तलावांच्या तळाशी दगडांच्या फटींत झिंग्यासारखा, पुढे दोन नांग्या असलेला एक प्राणी राहतो. बासाचे ते आवडते खाणे. जिग पाण्यात सोडली की खाली जाताना झालर अंगाला चिकटते. तळाला टेकली की तंतू हळूच फुलतात आणि भ्यालेल्या झिंग्याने नांग्या उगाराव्यात तसे दिसते. माणसाने दोरी किंचित ओढली की पुन्हा मिटतात. हे मिटणे-फुलणे पाहून मासा फसतो. म्हणून तपकिरी, हिरवट, जांभळट असे झिंग्याचे रंग येथे जास्त चालतात.

तेव्हा झालर कशाची, हा प्रश्न जितका मोठा, तितकाच ती कशी बांधली, हाही मोठा. कारण ही जिग मोकळ्या पाण्यात फिरत नाही. बुडालेल्या रानातल्या सीडरच्या खोडांतून आणि खडकांवरून ती दिवसभर घासत ओढली जाते. दुकानात खिळ्याला टांगलेल्या सगळ्याच जिगा सुंदर दिसतात. बांधणीची परीक्षा तळाशी होते.

बांधण्याच्या मुख्य रीती तीन आहेत.

पहिली रीत कड्याची. रबराचे किंवा सिलिकॉनचे बारीक नळीसारखे कडे ताणायचे, त्यातून तंतूंची जुडी मध्यापर्यंत ओवायची आणि कडे सोडून द्यायचे. ही तयार झालर गळाच्या दांडीवरून सरकवून शिशाच्या मानेवर बसवली की काम झाले. कारखान्यातला बहुतेक माल असाच असतो. याचा मोठा गुण म्हणजे नावेत बसल्या बसल्या अर्ध्या मिनिटात झालर बदलता येते. सकाळी गढूळ पाणी असेल तर काळी लावा, दुपारी निवळले तर तपकिरी लावा. दोषही तितकाच उघड आहे. माशाने नुसते तंतू धरून हिसका दिला की कडे घसरून गळाच्या वाकाकडे जाते आणि झालर लोंबू लागते. शिवाय कड्याचे रबर उन्हाने वाळते, तडकते, आणि एके दिवशी सगळा गोंडा पाण्यात सुटून जातो.

दुसरी रीत दोऱ्याची. येथे कडे नाही. गळ शिकंज्यात घट्ट धरायचा, तंतूंच्या लहान लहान जुड्या मानेभोवती ठेवायच्या आणि नायलॉनच्या मजबूत दोऱ्याचे ताणून वेढे घ्यायचे. शेवटी दोऱ्याचे टोक वेढ्यांखालून ओढून गाठ मारायची आणि वर डिंकाचा थेंब सोडायचा. आंब्याचे कलम बांधणाऱ्याला हे काम चटकन कळेल. ताण सारखा हवा, वेढ्याशेजारी वेढा हवा. या रीतीत पाठीला गडद आणि पोटाला फिका रंग नेमक्या जागी बसवता येतो. हरणाच्या शेपटीच्या केसांची जिग तर दोऱ्यानेच बांधावी लागते, कारण केस रबरासारखे फुगून कड्यात धरून राहत नाहीत. दोऱ्याची झालर घसरत नाही. पण वेळ फार लागतो, नावेत बदलता येत नाही, आणि खडकावर घासून एखादा वेढा तुटला तर सगळी बांधणी उकलू शकते. डिंकाचा थेंब विसरून चालत नाही तो यामुळेच.

तिसरी रीत तारेची. तांब्याची किंवा न गंजणारी बारीक तार दोन-तीनदा गुंडाळायची, पकडीने पीळ द्यायचा, उरलेले टोक कापायचे आणि झालरीत दाबून टाकायचे. तार उन्हाने कुजत नाही, हिसक्याने सरकत नाही. अरुंद जागेत आवळली जात असल्याने तंतू दोन्ही बाजूंना छान उभे राहून फुलतात. जुन्या पद्धतीच्या खऱ्या रबराच्या झालरीसाठी ही रीत फार वापरली जाते. पण हात जड असेल तर तार तंतूंनाच कापते. पिळाचे टोक नीट दाबले नाही तर बोटाला टोचते आणि पाण्यातले गवत त्यात अडकते.

या तिन्हींच्या मधला मार्गही लोकांनी काढला आहे. तयार कड्याची झालर घ्यायची आणि कड्यावरूनच मजबूत दोऱ्याचे चार-सहा वेढे देऊन गाठ मारायची. कड्याचा सोपेपणा आणि दोऱ्याची पकड दोन्ही साधतात. मात्र दोरा कापल्याशिवाय मग ती झालर बदलता येत नाही.

मग यांतली चांगली कोणती? तलावाकाठच्या एका गुरे पाळणाऱ्या घरी हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या मेजावर जिगा बांधण्याचे काम चालते. तेथल्या बाईंना हे विचारले तेव्हा त्यांनी उलट विचारले की, घेणारा कोण आणि टाकणार कोठे? नवशिक्या माणसाला त्या कड्याचीच देतात. त्याला अजून रंग पारखायचे असतात आणि त्याच्या बऱ्याच जिगा पहिल्याच दिवशी झाडाला अडकून तुटतात. त्यावर दोऱ्याची मेहनत वाया जाते. सीडरच्या बुडालेल्या रानात जाणाऱ्या जाणत्याला तारेची देतात. कडाक्याच्या थंडीत, मासा मंद असताना, लहान तोंडाच्या बासासाठी जाणाऱ्याला केसांची, दोऱ्याने बांधलेली. वाटाड्याचा धंदा करणाऱ्याला मात्र कड्यावर दोरा घेतलेली, कारण त्याच्या नावेत बसलेल्या पाहुण्याची झालर दिवसात दोनदा गळून पडली तर पाहुणा पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातो, आणि तो वाटाड्या पुढच्या वेळी जिगा दुसऱ्या घरून घेतो. एका पै-पैशाच्या कड्यावर दोन घरांची गिऱ्हाइकी अवलंबून असते ती अशी.

त्यांची पारख करण्याची रीत कोणालाही जमण्यासारखी आहे. झालर दोन बोटांत धरून मागे ओढायची. मान सोडून ती हलली तर बांधणी कच्ची. मग भांड्यातल्या पाण्यात सोडून तंतू फुलतात का पाहायचे; गठ्ठाच राहिला तर फार आवळली किंवा तंतू फार झाले. शेवटी बांधणीवरून नख फिरवायचे. टोचले तर तारेचे टोक किंवा दोऱ्याची गाठ पुन्हा दाबायची. जपून ठेवण्याचेही नियम आहेत. खऱ्या रबराची झालर उन्हात चिकट होते, म्हणून पेटी सावलीत ठेवायची. मऊ प्लास्टिकच्या किड्यांबरोबर ती एका खणात ठेवली तर दोन्ही एकमेकांना चिकटून खराब होतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे शिसे. ते विषारी आहे. त्या घरी डोकी ओतण्याचे काम घराबाहेर उघड्या हवेत होते. त्यासाठीचे भांडे पुन्हा चुलीवर चढत नाही, मुलांना जवळ येऊ देत नाहीत, आणि नुसती झालर बांधून झाली तरी हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी भाकरतुकड्याला शिवत नाही.

धरणामुळे आणखी एक बदल झाला. टेबल रॉकच्या तळातून सुटणारे पाणी थंडगार असते. त्यामुळे खालच्या टेनीकोमो तलावात पूर्वीचे उबदार पाण्यातले मासे टिकेनात, आणि सरकारने तेथे थंड पाण्यात राहणारा ट्राउट मासा वाढवून सोडला. एकाच नदीच्या दोन तलावांत, धरणाच्या भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे, माशांची जात वेगळी, गळ वेगळा आणि गिऱ्हाईकही वेगळे. वरच्या तलावाकाठची जिग खालच्या गावी तितकी खपत नाही. म्हणून बांधणारा बांधण्याआधी पाणी विचारतो.

मुलूख पाहायला जायचे तर वसंतात किंवा पानगळीच्या सुरुवातीला जावे. पानगळीत ओक आणि हिकरीची पाने तांबडी-पिवळी होतात आणि पाण्यात सगळा डोंगर उलटा दिसतो. सकाळी धुके असते. त्या धुक्यात नावा उभ्या असतात आणि माणसे न बोलता दोरी सोडून बसलेली असतात. त्यांच्या खाली साठ-सत्तर वर्षांपूर्वीची शेते आहेत. वर टेकडीवर त्याच शेतकऱ्यांची नातवंडे गवत कापतात, गुरे राखतात, आणि थंडीत बर्फाने बाहेरचे काम अडले की मेजावर दिवा ओढून झालरी बांधायला बसतात.