खांद्यांचं देणं

आमच्या शहाद्यात पाहुणा आला की त्याला तोरणमाळला न्यायची रीत आहे. सातपायरीचा घाट, यशवंत तलाव, पावसाळ्यात सीताखाईत कोसळणारं पाणी एवढं दाखवलं की यजमान मोकळा. त्याच अक्राणी तालुक्यातल्या बिलगावला मात्र सहसा कुणी नेत नाही. तिथे उदई नदी नर्मदेकडे जाता जाता काळ्या कातळावरून खाली उतरते. 2003 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कॉलेजची पोरं तिथे गेलो, ती धबधबा बघायला आणि त्या धबधब्यावरची वीज बघायला.

ती वीज सरकारी नव्हती. केरळातल्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे तरुण अभियंते, नर्मदा बचाव आंदोलन आणि गावकरी यांनी मिळून ती उभी केली होती. धबधब्याच्या वर छोटा बंधारा, तिथून पाट, मग टाकी आणि पाइप, आणि साधारण नऊ मीटर खाली टर्बाइन. क्षमता 15 किलोवॅट. जानेवारी 2003 मध्ये पाड्यांवर आणि आंदोलनाच्या जीवनशाळेत दिवे लागले. बांधकाम श्रमदानाचं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘स्वदेस’ सिनेमात असंच पाण्यावर उजळणारं गाव दिसलं, तेव्हा थिएटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या सुचल्या नाहीत, कारण तोवर बिलगावचं देणं माझ्या डोक्यावर बसलं होतं.

झालं असं, की पोहोचलो त्याच संध्याकाळी मला हुडहुडी भरली. ज्या पावरा कुटुंबाकडे उतरलो होतो, तिथल्या आजीने अंगावर दोन गोधड्या टाकल्या, मक्याच्या पिठाची पातळ पेज पाजली. रात्रभर मी बरळत होतो म्हणे. उजाडायच्या आत घरातल्या काकांनी चादरीची झोळी बांबूला बांधली, शेजारपाजारचे गडी बोलावले आणि जीप मिळेल तिथपर्यंत मला आळीपाळीने वाहून नेलं. झोळीतून एवढंच दिसत होतं: वर हलणारा सागाचा पाला आणि समोर काकांचा उघडा खांदा. त्यावर रुपयाएवढा कडक, काळपट घट्टा. चढावर दम खायला थांबले, तेव्हा मी खुळ्यासारखं विचारलं, “काका, हे बांबूमुळे झालं का?” ते हसले. “हा बंधाऱ्याचा. दगड वाहिले ना.”

धडगावच्या दवाखान्यात मलेरिया निघाला. काकांच्या हातात पैसे ठेवायला गेलो तर त्यांनी मूठच उघडली नाही. “औषधाला लागतील तुला,” म्हणाले, आणि आल्या वाटेने परत निघाले.

ऑगस्ट 2006 मध्ये नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं पाणी चढलं आणि तो वीजप्रकल्प त्यात गेला. महाराष्ट्रातली 33 गावं या धरणाने बाधित झाली. देशासाठी वीज करणाऱ्या धरणाने गावाने स्वतः केलेली वीज बुडवावी, याला मी आजही न्याय म्हणत नाही. काका त्यावर फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, “दगड परत वाहता येतात, पण नदी थांबून राहिली तर पाणी पाडायचं कुठून?”

मी शहाद्यात नोकरीला लागलो, तरी जाणंयेणं सुटलं नाही. उन्हाळ्यात आजीच्या अंगणात कैऱ्यांच्या फोडी वाळत पडलेल्या असतात, आमचूर व्हायला. आमच्या घरचा आमचूर तिच्याकडचाच. एकदा मी भावापेक्षा जास्त नोटा सरकवल्या, तर तिने त्या मोजून वरच्या परत केल्या, शिवाय मापावर एक ओंजळ जादा टाकली. उसनं फेडायची माझी हौस तिने तिथेच मोडली. काका आता नाहीत. त्यांचा नातू जीवनशाळेत शिकून पुढे धडगावला गेला. कॉलेज प्रवेशाचे फॉर्म भरताना तो माझ्याकडे राहिला होता. त्याची आई फोनवर विचारत होती, “पोराचा त्रास नाही ना होत?”

पावसाळ्यात बिलगावचा धबधबा बघायला जरूर जा. कातळ शेवाळलेला असतो, फोटोसाठी कडेला जाऊ नका. कुणाच्या घरी भाकरी खाल्लीत तर पैसे बहुधा घेणार नाहीत, तेव्हा आमचूर विकत घ्या, आणि भाव करू नका.