कातडीवरचं सर्किट

प्रिय ऋचा,

तू सर्किट बोर्डांची डिझाइनं करतेस, म्हणून हे मुद्दाम तुलाच लिहितेय. काँगोच्या किन्शासा शहरात एडी कामुआंगा इलुंगा नावाचा चित्रकार आहे, जन्म १९९१चा. त्याच्या चित्रांनी मला झपाटलंय.

मोठमोठे कॅनव्हास आणि त्यांवर माणसं. अंगावर भडक छापील कापडं. एकेक चुणी इतकी मन लावून रंगवलेली की हात लावून बघावंसं वाटतं. माना झुकलेल्या. मग लक्ष कातडीकडे जातं. काळ्याभोर अंगावर, चेहऱ्यावर, हातापायांवर बारीक रेषा धावतात, काटकोनात वळतात, ठिपक्यापाशी थांबतात. तुझ्या बोर्डावरचे ट्रॅक असतात ना, हुबेहूब तसे!

याला अतिवास्तववादी चित्र म्हणता येईल, पण यातलं विपरीत त्याच्या देशात रोज घडतंय. बोर्डावरच्या कपॅसिटरमधलं टँटलम ज्या खनिजातून मिळतं, ते कोल्टन. पूर्व काँगोत माणसं कुदळ-फावड्यांनी डोंगर पोखरून ते काढतात. तिथल्या रुबायाच्या खाणी एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ या बंडखोरांनी ताब्यात घेतल्या.

आणि ही लूट आजची नव्हे. १५२६ साली तेव्हाच्या काँगो राज्याचा राजा पहिला अफोन्सो याने पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहून तक्रार केली होती, की व्यापारी माझी प्रजा, अगदी माझे नातलगसुद्धा, धरून नेतात. तरी गुलामांचा व्यापार थांबला नाही. एडीच्या 'फ्रॅजाइल रिस्पॉन्सिबिलिटी' या २०१८च्या मालिकेत माणसांजवळ युरोपातली चिनीमातीची भांडी दिसतात. अशा वस्तूंच्या बदल्यात माणसं विकली गेली. ते कळल्यावर त्या नाजूक भांड्यांकडे मला धड बघवेना. पुढे रबरासाठी बेल्जियमच्या राजा लिओपोल्डने केलेले अत्याचार तू वाचले असशीलच.

पण ही चित्रं बघून 'अरेरे, बिचारे' म्हणू नकोस. मान खाली असली तरी ती कापडं त्यांनी किती रुबाबात घेतलीयत ते बघ. आपलं असं जे काही आहे, ते त्यांनी सोडलेलं नाही. दुःख पुष्कळांना रंगवता येतं. सोसलेल्या माणसाचा आब रंगवणं कठीण. एडीला ते साधलंय, म्हणून मी त्याला मोठा चित्रकार मानते.

आता एक काम कर. तुमच्याकडे सुटे भाग मागवताना त्यांतलं टँटलम कुठल्या खाणीतून आलं, याची चौकशी होते का? होत नसेल तर तू विचार, आणि काय उत्तर मिळतं ते मला कळव.

तुझी,
मावशी